दागरोसची साक्ष

पाळकांच्या वहीत आमच्या लग्नाची तारीख आहे
अकरा एप्रिल, अठराशे ब्याऐंशी.
ती चुकीची आहे.
मी तेव्हा बोलले नाही. ते बिचारे चार दिवस
चिखलातून घोडा हाकत आले होते,
बुटांतून पाणी निथळत होतं.

मी डाकोटात आले ऑक्टोबरात.
एक पेटी, तिच्यात स्तोत्रांचं पुस्तक,
आईचा लाकडी चमचा, आणि श्यूरची दोन पत्रं.
दुसऱ्यात एवढंच : विधुर आहे. जमीन एकशे साठ एकर. झाड एकही नाही.
खोटं काही लिहिलं नव्हतं.
देवाबद्दलही काही लिहिलं नव्हतं.

नोव्हेंबरात येणारे पाळक बर्फात अडकले.
गवताच्या ढेकळांचं ते एकखणी घर,
त्यात श्यूरनं मधोमध गोधडी टांगली,
रागनहिल्डनं शिवलेली, त्याच्या पहिल्या बायकोनं.
म्हणाला, "पाळक येईतो ही भिंत."
भिंतीपलीकडे तो घोरायचा.
अलीकडे मी प्रार्थना म्हणायचे, जरा मोठ्यानंच.
जेवताना मी डोळे मिटले की तो चमचा खाली ठेवायचा,
हात मात्र जोडायचा नाही.
"तिच्यासाठी गुडघे झिजवले," एकदाच बोलला,
"बाळासाठीही. उरलेले गुडघे शेताला लागतात."

मग जानेवारीतलं ते वादळ.
हात पुढे केला तर हात दिसेना.
गाय अडली होती, तो गोठ्यात गेला
दोराचं एक टोक दाराच्या कडीला बांधून,
दुसरं स्वतःच्या मनगटाला.
"बाहेर येऊ नकोस. तासाला ओढ. मी ओढेन."

मी ओढायचे तीनदा :
पिता, पुत्र, पवित्र आत्मा.
पलीकडून यायचे तीन हिसके.
त्याला त्या तिघांचं काही नव्हतं, ठाऊक होतं मला,
तरी यायचे तीनच.
दोन रात्री.
तळहातांची साल निघाली, दोर लाल झाला,
आणि दुसऱ्या पहाटे, कुणी न विचारता,
मी अंधाराला म्हणाले, "होय."
माझी तारीख ती.

एप्रिलात पाळकांनी विचारलं, मी पुन्हा होय म्हटलं.
साक्षीला शेजारचा टोरगिल्स, बाकी कुणी नव्हतं.
रात्री गोधडी खाली उतरली, अंगावर आली.
आणि त्या उबेत श्यूर म्हणतो,
"एक सांगायचं राहिलं.
दुसऱ्या रात्री मी मेल्यासारखा झोपलो होतो.
वासरू झालं, अंगातलं बळ गेलं,
दोर सोडून दागरोसच्या शिंगाला बांधला."

मी उठून बसले.
म्हणजे त्या पहाटे मी होय म्हटलं ते गायीला?
"पण तीन हिसके यायचे," मी म्हणाले. "प्रत्येक वेळी तीन."
"मान झटकत असेल."
"गाय मोजते?"
"मोजत तू होतीस, इंगेलाइव्ह."

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी गोठ्यात गेले,
दागरोसपुढे उभी राहिले, जाब विचारावा तशी.
ती रवंथ करत होती.
तिच्या डोळ्यांत मी होते, बारीक, उलटी नाही, सुलटी.
मला हसू आलं ते थांबेना.
श्यूर धावत आला, त्याला वाटलं मी रडतेय,
आणि त्यानं माझे दोन्ही तळहात हातांत घेतले,
आधी कधी नीट पाहिले नव्हते.
पाहून काही बोलला नाही.
गुडघ्यांवर बसला.
प्रार्थनेला की पाय गेले म्हणून, ते मी विचारलं नाही,
आणि सदतीस वर्षं संसार झाला तरी विचारलं नाही.

आता तो टेकडीवर आहे, रागनहिल्डच्या उजवीकडे.
डावीकडची जागा मी सांगून ठेवली आहे.
दोर अजून आहे, दारापासून गोठ्यापर्यंत,
धुतल्या चादरींच्या ओझ्यानं मधे झुकलेला.
मी ओढत नाही.
वारा ओढतो कधीकधी : एक, दोन.
भांडी घासता घासता माझा हात थांबतो.